ऐकून केलेलं भाकीत

फुटबॉलच्या सामन्याचा निकाल मी आयुष्यात एकदाच बरोबर सांगितला आणि त्याची लाज मला आज इतक्या वर्षांनीही वाटते. नातवंडं टीव्हीसमोर बसून विचारतात, ‘आजोबा, आज कोण जिंकेल?’ मी चिडतो. ‘मला काय विचारता, खेळणाऱ्यांना विचारा,’ म्हणतो आणि उठून अंगणात जातो. घरच्यांना वाटतं, म्हातारा तिरसट आहे. तिरसट तर आहेच, पण कारण ते नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ती शेवटची वर्षं. चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, तेव्हा अख्खा एकच होता. नॉर्मल स्कूलमधून मास्तरकीचं शिक्षण घेऊन मी मास्तर झालो आणि आरमोरीपासून तीन कोसांवरच्या एका गावात माझी नेमणूक झाली. गाव धानाचं. चहूकडे बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आणि बांध्या संपल्या की लगेच जंगल. मी चांदा शहरात वाढलेला, शाळेच्या संघातून फुटबॉल खेळलेला. माझ्या पेटीत एक कातडी चेंडू होता आणि डोक्यात हवा त्या चेंडूपेक्षा जास्त होती. गावात मॅट्रिक झालेला मी एकटा, त्यामुळे शहाणाही मीच, असा माझा हिशेब.

पण गाव ज्याचं ऐकायचं तो मी नव्हतो. गाव ऐकायचं एका म्हाताऱ्याचं. त्याला सगळे बाबाजी म्हणत. साठी उलटलेला, काटकुळा, स्वतःच्या दारात एक बैल नाही. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की शंकरपट भरतो. हलक्या छकड्यांना बैलजोड्या जुंपून दोन-दोन जोड्या एकमेकींशी पळवतात. या गावच्या पटाची एक रीत होती. पळायच्या आधी प्रत्येक जोडी बाबाजीसमोर आणायची. बाबाजी तिच्याभोवती एक फेरी मारणार, पाठीवरून हात फिरवणार, मागचे पाय उकिडवं बसून पाहणार आणि एकच शब्द बोलणार. ‘पळवा’ म्हटलं की पळवायची. ‘आज नको’ म्हटलं की जोडी सोडून मुकाट्यानं घरी न्यायची. मग मालक कितीही मोठा असो, हुज्जत नाही. जोडी कोणती जिंकणार हेही तो सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. आठ-दहा गावांचे लोक त्या एका शब्दावर आपली जनावरं सोडत. म्हाताऱ्याजवळ दुसरं काही नव्हतंच.

माझं त्याच्याशी वाकडं यायचं कारण ऐकाल तर हसाल. आरमोरीच्या बाजाराच्या दिवशी आम्हा मास्तरांचा आणि जंगल खात्याच्या बाबू लोकांचा फुटबॉलचा सामना झाला. आमच्या गावचे बरेच जण पाहायला आले होते. मी बुटांच्या नाड्या बांधत होतो, तर हा म्हातारा जवळ येऊन उकिडवा बसला आणि माझ्या पायांकडे पाहत म्हणाला, “मास्तर, तुमचा डावा गुडघा दुखून राह्यला. अर्ध्यापर्यंतच चालान तुमी. आज नका खेळू.”

“बाबाजी, मी बैल नाही,” मी म्हणालो.

लोक हसले. मीही ऐटीत मैदानात उतरलो. मध्यंतर झालं आणि पुढच्या पाच मिनिटांत गुडघ्यानं असा दगा दिला की दोघांच्या खांद्यांवर हात टाकून बाहेर यावं लागलं. मग काय विचारता! गावभर महिनाभर तोच विषय. विहिरीवर, पारावर, जाईन तिथं कुणीतरी विचारायचंच, “काऊन जी मास्तर, आज पळवता का घरीच ठेवता?” बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

बाबाजी मात्र एकदाही हसला नाही. उलट दुसऱ्या दिवशी मोहाच्या बियांचं तेल बाटलीत घेऊन घरी आला आणि कोमट करून लावा म्हणून सांगून गेला. मी ते तेल लावलं, गुडघा बरा झाला, पण मनातला राग काही गेला नाही. मनुष्य किती क्षुद्र असू शकतो हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

त्याच थंडीत आपल्या देशाच्या फुटबॉल संघाचा एक सामना होता, परक्या देशात. जिंकला तर पुढच्या मोठ्या स्पर्धेत जागा, हरला तर सरळ घरी. समोर कोणता देश होता ते मुद्दाम सांगत नाही, कारण जुने आकडे खोदत बसणारे लोक आजकाल फार झालेत आणि या गोष्टीत त्याचं काही अडत नाही. आमच्या शाळेत नागपूरचं वर्तमानपत्र दोन दिवसांनी शिळं होऊन यायचं. त्यात दोन्ही संघांचे फोटो छापून आले. मी ते गावात दाखवले आणि गावालाही गंमत वाटू लागली. फुटबॉल कशाशी खातात हे माहीत नसलेली माणसंसुद्धा विचारू लागली, “आपले जिंकतीन ना जी?”

सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सायकलनं आरमोरीला गेलो. तिथं धानाच्या मिलवाल्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. दुपारच्या बातम्या संपता संपता निवेदकानं सांगितलं, आपला संघ दोन गोलांनी हरला. मिलवाला चुकचुकला. मीही चुकचुकलो, अगदी मनापासून. पण परतीच्या वाटेवर पायडल मारता मारता माझ्या डोक्यात किडा शिरला. हे गावात कुणालाच माहीत नाही. वर्तमानपत्र यायला अजून दोन दिवस आहेत. कोसभर जाईपर्यंत माझा बेत पक्का झाला होता.

दिवेलागणीला पाराजवळ शेकोटी पेटलेली होती. दहा-पंधरा जण बसलेले, त्यांत बाबाजीही. मी शाळेतून फोटोचं वर्तमानपत्र आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, “बाबाजी, तुम्हाला पाय ओळखता येतात ना? मग सांगा, यातले कोण जिंकले असतील.”

तो कागदाकडे पाहीचना. “मी जनावर पाहतो, मास्तर. मानसाचं मले काय समजते?”

“माझा गुडघा तर बरोबर समजला होता.”

लोक हसले. तो म्हणाला, “तुमी समोर होते. हा तं कागद आहे. न पाहता बोलू नये मानसानं.”

“म्हणजे घाबरले म्हणा की.”

हे बोललो आणि शेकोटीभोवतीच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. या गावात बाबाजीला असं कुणी बोलत नसे. तेवढ्यात एकानं मला विचारलं, “पन मास्तर, तुमी तं आज आरमोरीले गेलते. मिलात रेडू आहे मनतात. तुमाले मालूम झालं असन.”

“गेलो होतो ना,” मी म्हणालो, “पण रेडिओची बॅटरी उतरलीय. अजून कुणालाच काही माहीत नाही.”

किती सहज निघालं ते तोंडातून! मी वर्गात पोरांना खोटं बोललं म्हणून छड्या मारत असे.

लोकांनीच मग आग्रह धरला, सांगा बाबाजी, सांगा. म्हाताऱ्यानं शेवटी वर्तमानपत्र हातात घेतलं, कंदील जवळ ओढला आणि बैलांचे पाय पाहावेत तसे एकेका खेळाडूचे पाय पाहिले. छापील फोटो तो, त्यात पोटऱ्या कुठल्या दिसतात नि टाचा कुठल्या! पण तो पाहत राहिला. मग म्हणाला, “हे आपले पोट्टे ना? टाचा टेकवून उभे आहेत, वजन दोनी पायावर आहे. ते दुसरे एकाच पायावर भार देऊन राह्यले. आपलेच जिंकले असतीन.”

सगळे खूश झाले. कुणीतरी टाळीही वाजवली. मी थोडा वेळ थांबलो, कारण कुठे थांबायचं हे वर्गात शिकवून शिकवून मला चांगलं कळत होतं. मग म्हणालो, “आपले हरले असणार. दोन गोलांनी हरले असणार.”

“मास्तर, आपल्याच देशाले असं मनते का कोनी?” एक जण कळवळून म्हणाला.

“मी खेळ जाणतो. पाय पाहून खेळ कळत नाही,” असं म्हणून मी उठलो आणि घरी आलो. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही सांगून टाकतो.

दोन दिवसांनी डाक आली. वर्तमानपत्र मी स्वतः उघडलं नाही. तसंच घडी न मोडता पारावर नेलं आणि सरपंचाच्या हातात दिलं. म्हटलं, तुम्हीच वाचा. सरपंचानं अडखळत अडखळत बातमी वाचली. दोन गोलांनी पराभव. आधी सगळ्यांचे चेहरे उतरले. आपला देश हरला होता हो! ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नव्हता ती माणसं हळहळली. आणि मी, जो त्यांच्यात एकटा फुटबॉल खेळलेला होतो, तो मनातल्या मनात मिशीवर ताव देत होतो. हळूहळू एकेकाची नजर माझ्याकडे वळली. “अरे बाप्पा! आकडाही बरोबर मनला ना जी मास्तरनं!”

बाबाजी उठून माझ्यासमोर आला. त्यानं हात जोडले. “मास्तर, तुमची नजर मोठी आहे. मी चुकलो. कागदावर बोलाले नव्हतं पायजे.”

त्याचे ते हात मी धरायला हवे होते. सांगायला हवं होतं की बाबाजी, मी रेडिओवर ऐकून आलो होतो, थट्टा केली. तेव्हा सांगितलं असतं तर सगळे हसले असते, मला चार शिव्या मिळाल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. मी काय म्हणालो? म्हणालो, “होतं असं वयानं.”

संक्रांत झाली आणि गावचा पट ठरला. पंच बाबाजीला बोलवायला गेले तर त्यानं नकार दिला. म्हणाला, “मले पाय समजत नाई हे चारचौघात ठरलं. आता मी ‘पळवा’ मनलं तं लोकाच्या मनात शंका येईन. शंकेनं जनावर सोडू नये. मास्तरची नजर चांगली आहे, त्याईले बसवा.” पंच माझ्याकडे आले. अर्धे थट्टेत होते, अर्धे खरोखर. मला बैलांमधलं काय कळत होतं? शिंगं कुठे नि शेपूट कुठे, एवढं. नाही म्हणता आलं असतं. पण पटाच्या दिवशी पारख करणाऱ्यासाठी मधोमध मांडलेली ती खाट, तिच्यावरची सतरंजी, आठ-दहा गावांची माणसं... मी हो म्हणालो.

पटाच्या दिवशी मी जे केलं ते आठवलं की आजही कान तापतात. बाबाजी करायचा तशीच मी जोडीभोवती फेरी मारायचो. तसाच पाठीवरून हात फिरवायचो, तसाच उकिडवा बसायचो आणि गंभीर तोंड करून म्हणायचो, ‘पळवा’. पहिल्या पाच-सहा जोड्या सुखरूप पळाल्या, तशी माझी भीड चेपली. बाबाजी गर्दीत पहिल्याच रांगेत उभा होता.

मग गावातल्याच एका तरुण शेतकऱ्यानं आपली जोडी आणली. एक पांढरा, एक तांबडा. नुकतंच लग्न झालेला, बाप वारलेला, घरात जनावरं म्हणून हीच दोन. छकडं हाकणारा धुरकरीही तोच. तो मला म्हणाला, “गुरुजी, तांबडा काल सांजीपासून जरासा मंद वाटून राह्यला. मले समजत नाई. पळवू का नको? तुमी मनान तसं.”

मी बसलो. तांबड्याचे पाय पाहिले. मला चार पाय दिसले, चारही सारखेच. मान वर केली तर समोर बाबाजी दोन पावलं पुढे आलेला. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि होता त्या जागी मागे जाऊन उभा राहिला. हे मी पाहिलं. नीट पाहिलं. पाहूनही म्हणालो, “पळवा. जिंकतोस.”

अर्ध्या वाटेवर तांबड्याचा मागचा पाय मुडपला. जोडी वेगात होती. तांबडा कोसळला, पांढरा त्याच्यावर ओढला गेला, छकडं उलटलं आणि तो पोरगा बांधावर फेकला गेला. पोराला खरचटलं तेवढंच. तांबड्याचा पाय मात्र मोडला होता. त्याचं ते ओरडणं मी सांगू शकत नाही.

लोक धावले. मीही धावलो. गर्दीत कुणीतरी बोललं, “मास्तर तं पळवा मनले होते.” आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. तो पोरगाही पाहत होता, कोपरातून रक्त गळत असलेला. आणि मी, मास्तर, त्याला म्हणालो, “तू मधेच कासरा आवळलास. मी तिथून पाहिलं. सैल सोडला असतास तर पडला नसता.”

मी असं काही पाहिलं नव्हतं.

पोरगा आपल्या हाताकडे पाहू लागला. मग म्हणाला, “आवळला असन जी गुरुजी. भेव लागला असन मले. माह्याच हातानं गेला तो.”

बाबाजीनं बांबूच्या कामट्या मागवल्या, तांबड्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाय बांधला. पोराला म्हणाला, “जगन हा. पन आता ओढनार नाई.” पांढरा एकटा उरला. एका बैलानं नांगर चालत नाही आणि धानाचं गाव नांगराशिवाय चालत नाही. पोराची बायको घरून धावत आली होती. ती तांबड्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी मी बाबाजीच्या झोपडीवर गेलो. तो दोर वळत बसला होता. मी विचारलं, “तुम्हाला तो पाय दिसला होता?”

“दिसला होता. खुराच्या वर सूज होती.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यानं दोर खाली ठेवला. “कोन्या तोंडानं बोलू, मास्तर? मी ‘नको’ मनलं असतं नि तुमी ‘पळवा’ मनलं असतं, तं पोरानं कोनाचं आयकलं असतं? माहा शब्द तं गेला होता.”

तेव्हा मी सांगितलं. सगळं. मिलातला रेडिओ, दुपारच्या बातम्या, बॅटरी उतरल्याची थाप. सांगताना मला रडू आलं. खरं सांगतो, रडताना मला बरंही वाटत होतं. वाटलं, आता हा म्हातारा पाठीवर हात ठेवेल, जाऊ द्या म्हणेल, आणि मी सुटेन.

त्यानं दोर पुन्हा उचलला आणि एक पीळ घातला. मग म्हणाला, “माह्या कानात काऊन सांगता, मास्तर? माहं जे गेलं ते गेलं. त्या पोराले जाऊन सांगा. रातभर आपल्या हाताले शिव्या देऊन राह्यला तो.” आणि मी निघताना, “मी नाई सांगनार कोनाले. तुमीच सांगा.”

मी तिथून थेट त्या पोराच्या घरी गेलो. देवाशपथ, सांगायलाच गेलो होतो. वाटेत शब्दही जुळवले होते. गोठ्यात तांबडा पडलेला, पाय बांधलेला. पोरगा त्याला हातानं गवत चारत होता. मला पाहून तो धडपडत उठला. गुरुजी आपल्या गरिबाच्या घरी आले म्हणून त्याला केवढं वाटलं! बायकोनं घाईघाईनं घोंगडी अंथरली, गुळाचा चहा ठेवला. दोघं माझ्यासमोर उभी राहिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात पोरगा वाकला, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणाला, “गुरुजी, चुकी माही होती. तुमी बरोबर मनले होते. पुढं कधी जोडी झालीच, तं पाहा, मी कासरा सैल ठेवीन.”

मी म्हणालो, “हो. सैल ठेव.”

आणि चहा प्यायलो.